बास्केटबॉलवर पोट भरायचं तर: परभणी-नांदेडच्या पोरांसाठी

ग्राउंडवर गेलो की पोरं एकच विचारतात, "दादा, बास्केटबॉलवर भागतं का?" भागतं, पण एका संघात बसून नाही. माझी उमेदीची वर्षं या संघातून त्या संघात गेली. एखादा सीझन डिपार्टमेंटच्या संघात स्टायपेंडवर, मग ओपन टूर्नामेंटला गेस्ट प्लेअर, मध्येच थ्री-ऑन-थ्री, म्हणजे तिघा-तिघांचे सामने. स्टार मी कधीच नव्हतो, बेंचवरचा सातवा-आठवा गडी. तरी फोन येत राहिले.

अमेरिकेतही असे फिरते खेळाडू आहेत. ईश स्मिथ नावाचा सहा फुटी गार्ड, म्हणजे बॉल पुढे घेऊन येणारा खेळाडू, एनबीए या तिथल्या मोठ्या लीगमध्ये 13 संघांकडून खेळला आणि तेराव्या संघासोबत, म्हणजे डेन्व्हरसोबत, 2023 मध्ये विजेता झाला. तिथे दहा-दहा दिवसांचेही करार होतात. आपल्याकडचा सतनामसिंग भामरा 2015 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, 52 वा निवडला गेला, पण एनबीएचा मुख्य सीझनमधला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. आपलाच खेळाडू विशेष भृगुवंशी, त्याला 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅडलेड संघाने करार दिला. ही नावं भिंतीवर लावा, घरखर्चाचा हिशोब मात्र वेगळा मांडा. भारतात लीगचा भरवसा नसतो. यूबीए नावाची लीग 2015 मध्ये गाजावाजा करत आली, पुण्या-मुंबईच्या नावाचे संघही होते, आणि 2017 नंतर बंद पडली. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, सेनादल अशा संघांतली नोकरी हीच आपल्याकडची खरी लीग.

म्हणून कागद सांभाळा. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते. आपल्या भागात ती कार्यालयं छत्रपती संभाजीनगर आणि लातूरला आहेत. स्पर्धा भरवणारी संघटना मान्यताप्राप्त आहे का, हे खेळण्याआधी विचारा. चकचकीत ट्रॉफीचा तिथे काही उपयोग होत नाही. बीए-बीकॉम अर्धवट सोडू नका, कारण विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळायला मिळते आणि बरेच कोच पोरं तिथेच हेरतात.

आता उंचीचं. आपल्याकडे सहा फूट दोन इंचाचं पोरगं म्हणजे सेंटर. शाळेपासून त्याला रिंगखाली उभं करतात आणि ड्रिबल करू देत नाहीत. लुधियानाला गेलात तर त्या उंचीची पोरं बॉल वर घेऊन येताना दिसतील. तेव्हा क्रीडाशिक्षक काहीही म्हणोत, रोज दोन्ही हातांनी ड्रिबल करा. दुसरं, टेप घेऊन आपल्या कोर्टाची थ्री-पॉइंट रेघ मोजा. नियम 2010 मध्ये बदलला, रेघ 6.25 वरून 6.75 मीटरवर गेली. काही सिमेंटच्या कोर्टांवर अजून जुनीच रेघ आहे. तिच्यावर घोटलेला शॉट ट्रायलला अर्धा मीटर तोकडा पडतो, आणि कोच कारण विचारत बसत नाही. वाऱ्यामुळे आपला शॉट सपाटही होतो. शक्य असेल तेव्हा पहाटे, वारा पडलेला असताना शूटिंग करा. मे महिन्यात तसंही दुसरी वेळ नसते.

मला काम मिळालं ते स्क्रीनमुळे, म्हणजे आपल्या गार्डामागे लागलेल्या डिफेंडरची वाट अंगाने अडवण्यामुळे. पॉइंट करणारे गल्लोगल्ली असतात, नीट स्क्रीन लावणारे थोडे. पाय खांद्यांहून जरा रुंद, हात छातीवर आडवे, आणि धडक बसेपर्यंत दगडासारखं उभं राहायचं. अंदाज चुकला म्हणून कंबर इंचभर सरकवली की शिट्टी वाजते. आपला गार्ड खांद्याला खांदा घासून गेला की लगेच वळायचं, पण डिफेंडर पाठीवर राहील असं. एक हात वर धरून पास मागायचा. दहा वेळा पास येत नाही. अकराव्यांदाही तितक्याच जोरात वळणारा माणूस कोचला हवा असतो. तुमची अशी एक गोष्ट कुठलीही असो, डिफेन्स, रिबाउंड, कोपऱ्यातला थ्री, ती कोचला एका वाक्यात सांगता आली पाहिजे. "सर, मी सगळं खेळतो" म्हणणाऱ्याला परतीच्या गाडीत बसवतात. थ्री-ऑन-थ्रीचा दम वेगळा. सामना दहा मिनिटांचा किंवा 21 पॉइंटपर्यंत, शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायची मुदत, 24 ऐवजी 12 सेकंद. मोकळा श्वास मिळतच नाही.

पैशाचं लाजू नका. जाण्या-येण्याचं तिकीट, राहणं, जेवण, बक्षिसातला वाटा, सगळं आधी मेसेजवर लिहून घ्या. एका ठिकाणी फायनल संपली आणि आयोजकांचा फोन बंद. लॉजवाल्याने आमच्या बॅगा अडवल्या, संघातल्या पोरांनी वर्गणी काढून बिल भागवलं. घरीही ऐकून घ्यायची तयारी ठेवा. "पर्मनंट कधी होणार?" हा आईचा प्रश्न प्रत्येक सणाला येतो, आणि स्थळं बघायला लागली की जास्तच. गुडघे बोलायच्या आधी पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंग डिप्लोमा डोक्यात असू द्या.

पंजाबात ट्रायल असेल तर सचखंड एक्सप्रेस बरी, नांदेडहून परभणी, जालना, संभाजीनगर करत थेट लुधियाना गाठते, आणि वाटेत स्टेशनांवर लंगरचं जेवणही मिळतं. मात्र ट्रायलच्या आदल्या दिवशी पोहोचा. इतका वेळ बसून आखडलेली कंबर घेऊन कुणी पळू शकत नाही. पहिल्या प्रॅक्टिसला सगळ्यांची नावं पाठ करा आणि डिफेन्सला तोंड उघडा. तिथे स्क्रीन कुठून येतोय ते "खब्बे", "सज्जे" असं ओरडतात, डावीकडे, उजवीकडे. आपली पोरं बुजून गप्प राहतात, आणि शेजारचा गार्ड डोळे झाकल्यासारखा स्क्रीनवर आदळतो. त्याने एकदा कोचकडे तक्रार केली की तुमचं नाव यादीतून गेलंच म्हणून समजा, मग शॉट कितीही पडोत.