तेराव्यानंतर आधार उभा करताना या चुका टाळा

आमचे हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून बायकांचे फोन येतात. गाव वेगळं, वय वेगळं, पण पहिल्या सहा महिन्यांत बहुतेक जणी त्याच चुका करतात. त्या बघून आता जीव थकतो, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

"काही लागलं तर सांगा" यावर नुसती मान हलवणं

तेराव्यापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नसते. गोडजेवण होतं, पाहुणे बॅगा भरतात आणि दारात प्रत्येक जण हेच वाक्य म्हणून जातो. म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. नेमकं काय करायचं हे त्याला माहीत नसतं, आणि आपण सांगत नाही. महिन्याभरानं आपण म्हणतो, "कोणी फिरकलं नाही."

मी मृत्यूच्या दाखल्यासाठी एका कार्यालयात चार खेपा एकटीनं घातल्या. चौथ्या वेळी जिन्यातच बसून रडले. खालच्या मजल्यावरच्या काकांना हे कळलं तेव्हा ते रागावलेच. म्हणाले, "मी रोज अकराला रिकामा असतो, एक हाक मारायची होतीस." त्या संध्याकाळी मी दोनशे पानी वही काढली. डावीकडे काम, उजवीकडे माणूस. बँकेत सोबत : खालचे काका. विम्याचा फॉर्म : मोठे दीर. रविवारी मुलाला क्रिकेटला नेणं : शेजारच्या वहिनींचा मुलगा. मग एकेकाला फोन करून दिवस आणि वेळ सांगितली. नऊ जणांपैकी सात जण लगेच हो म्हणाले. उरलेल्या दोघांना जमणार नव्हतं, तेही त्यांनी सरळ सांगितलं.

ही वही कुठल्या पुस्तकातली नाही, माझी सवय आहे. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल असं मुली म्हणतात. मला कागदच बरा वाटतो, कारण रात्री झोप उडाली की ती नावं डोळ्यांसमोर दिसतात.

जाता जाता एक : मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, आणि दाखल्याच्या दहा तरी प्रती एकदमच काढा. बँक, विमा, पेन्शन, सोसायटी, वीजबिलाचं नाव, सगळीकडे प्रत लागते.

सगळा भार एकाच माणसावर टाकणं

ही चूक मी केली आणि तिची किंमत माझ्या धाकट्या बहिणीनं मोजली. रोज रात्री साडेदहाला मी तिला फोन करायचे. तास, दीड तास. ती कोल्हापुरात, तिची मुलगी दहावीला, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पाच महिने तिनं एकदाही "आज नको" म्हटलं नाही. मग एक दिवस तिच्या मिस्टरांचा फोन आला. "ताई, ती तुमच्याशी बोलून झाल्यावर रात्रभर जागी असते. तुम्हाला सांगायची तिची हिंमत होत नाही." मला कानकोंडं झालं. पुढचे दोन महिने आम्ही एकमेकींशी धड बोललोही नाही. म्हणजे जो एकमेव आधार होता तोही मी गमावून बसले होते.

तेव्हापासून मी कामं वाटते. रडायचं असेल तर कॉलेजातली मैत्रीण. पैशाचं विचारायचं असेल तर मोठे दीर. आजारपणात शेजारच्या वहिनी. बहिणीला आता रविवारी सकाळी फोन करते, आणि आधी तिची ख्यालीखुशाली विचारते. मुलांना तर या यादीत घेऊच नका. "तूच आता घरातला कर्ता" हे बारा वर्षांच्या पोराला ऐकवणाऱ्या नातेवाइकांना मी तिथल्या तिथे थांबवते.

पहिल्याच महिन्यात दहा ठिकाणी नाव घालणं

भजनी मंडळ, योगाचा वर्ग, दोन भिशी, सहलीचा ग्रुप. तिसऱ्या महिन्यात सगळं बंद, आणि वर "मला कुठेच रमत नाही" हा शिक्का. माणसं अशी घाईनं जोडली जात नाहीत. एकच जागा निवडा, ठरलेल्या वारी जा, निदान तीन महिने जा. आपण गेलो नाही तर "का आली नाही?" असा फोन यायला तेवढा वेळ लागतोच. व्हॉट्सअॅपवरच्या दोनशे जणांच्या ग्रुपला मी आधार मानत नाही. रात्री दोनला ताप चढला तर किल्ली कोणाकडे आहे, एवढं विचारा.

आपणहून मागे सरणं

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं इतर गावांनीही हे करावं असं परिपत्रक काढलं. तरीही हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की बायका स्वतःच "मी कशाला" म्हणतात. जा. एका घरी अपमान झाला तर ते घर सोडा, बाकीची सोडू नका.

कोऱ्या कागदावर सही : पुतण्या कितीही गुणी असो, नाही म्हणजे नाही. आणि बँकेत नॉमिनी म्हणून नाव असलं की पैसे आपलेच, असंही धरून चालू नका. नॉमिनीच्या हाती रक्कम येते, हक्क वारसांचा असतो.

वर्षाच्या आत घर विकणं : कर्ज गळ्याशी आलं नसेल तर थांबा. घराबरोबर खालचे काका आणि शेजारच्या वहिनीही जातात.

माणसांनी सगळंच भरून निघेल असं समजणं : सलग दोन आठवडे झोप नसेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ते मैत्रिणीच्या खांद्याचं काम नाही. डॉक्टरकडे जा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि शेजारणीलाही देऊन ठेवा. त्या अवस्थेत फोन उचलण्याचं बळ आपल्यात असेलच असं नाही.