पाती चालू केली की लॉन ट्रॅक्टर बंद पडतो? माझा अनुभव

ओहायोतल्या घरचा, गवत कापायचा, बसून चालवायचा लॉन ट्रॅक्टर. इंजिन व्यवस्थित सुरू व्हायचं, पण पाती चालू केली की लगेच बंद. स्पार्क प्लग, फिल्टर बदलले, बॅटरी चार्ज केली, फरक शून्य. नुसता वैताग.

दोष निघाला सीटखालच्या सेफ्टी स्विचच्या कनेक्टरमध्ये. आधी पार्किंग ब्रेक लावला, किल्ली काढली, इंजिन गार झाल्यावर प्लगची वायर सोडवली. सीट उलटून कनेक्टर काढला: पिनांवर हिरवट गंज. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जुन्या टूथब्रशने घासलं, वाळल्यावर डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओलावा रोखणारं, वीज न वाहणारं) लावून कनेक्टर ‘टक्’ होईपर्यंत दाबला, प्लगची वायर जोडली.

स्विच बायपास करा म्हणणारे भेटतील. अजिबात ऐकू नका. माणूस सीटवरून पडला तर इंजिन हा स्विचच बंद करतो. शेवटी सपाट जागेवर, पाती चालू ठेवून सीटवरून किंचित उठलो. इंजिन बंद पडलं, पडायलाच हवं.