अमेरिकेत मेडिकलला जायचे आहे? विषयांची पातळी ठरवताना या चुका टाळा

न्यू जर्सीतील एका महाविद्यालयात मी तेवीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि त्यांपैकी बहुतेक वर्षे प्रीमेड, म्हणजे पुढे वैद्यकीय शाळेत जाऊ पाहणाऱ्या, विद्यार्थ्यांचे विषय तपासून देण्याचे कामही माझ्याकडेच होते. निवृत्तीनंतर ते काम सुटेल अशी माझी समजूत होती, परंतु मंडळाच्या गणेशोत्सवात आरती आटोपून प्रसादाच्या रांगेत उभे राहिले, की कोणाची तरी आई फोनवर ट्रान्स्क्रिप्टचा, म्हणजे महाविद्यालयीन गुणपत्रकाचा, फोटो काढून पुढे धरते आणि म्हणते, "ताई, हिचं एवढं बघता का जरा?" बघायला माझी ना नसते. वैताग येतो तो याचा, की दर वर्षी मूल नवे असते आणि चूक जुनीच असते.

चुकीचे मूळ बहुधा घरात सापडते. आईवडिलांपैकी कोणी मिरजेहून किंवा नागपूरहून एमबीबीएस झालेले असते आणि त्यांच्या डोक्यात बारावीचे पीसीबी पक्के बसलेले असते. तेथे विषय बोर्डाने ठरवले, पुस्तके ठरलेली, परीक्षा ठरलेली. रसायनशास्त्र म्हटले की कोणत्या पातळीचे रसायनशास्त्र, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते. जॉन्स हॉपकिन्सची वैद्यकीय शाळा १८९३ मध्ये उघडली ती पदवीची अट घालूनच, आणि १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांच्या अहवालाने वैद्यकीय शाळेत येण्यापूर्वी महाविद्यालयीन जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र झालेले असावे असा आग्रह धरला. आजची नेहमीची यादी त्याच आग्रहातून वाढलेली आहे: एक वर्ष जीवशास्त्र, एक वर्ष जनरल केमिस्ट्री, एक वर्ष ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि एक वर्ष भौतिकशास्त्र, ही सर्व प्रयोगशाळेसह, त्यावर एक सेमिस्टर बायोकेमिस्ट्री, इंग्रजी लेखन आणि पुष्कळ ठिकाणी संख्याशास्त्र. एमकॅट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत २०१५ पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा स्वतंत्र भाग आल्यामुळे या दोन विषयांचीही त्यात भर पडली.

तरीही ही यादी कोणा एका मंडळाने काढलेले फर्मान नाही. प्रत्येक वैद्यकीय शाळा आपली अट आपण ठरवते आणि ती बदलतेही. वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना एएएमसी आणि हॉवर्ड ह्यूज ही वैद्यकीय संशोधनसंस्था यांच्या २००९ च्या संयुक्त अहवालाने ठरावीक विषयांऐवजी क्षमता पाहाव्यात अशी शिफारस केल्यानंतर काही शाळांनी विषयांची सक्ती सैल केली, काहींनी केली नाही. त्यामुळे "अमेरिकेत काय लागते?" असे विचारणाऱ्याला माझ्याकडे उत्तर नसते, "या शाळेला या वर्षी काय लागते?" याचे उत्तर एएएमसीच्या एमएसएआर या सशुल्क संग्रहात आणि त्या शाळेच्या पानावर मिळते. एमकॅटच्या क्लासला हजारो डॉलर मोजणारे पालक या किरकोळ वर्गणीसाठी खळखळ करतात, हे मला आजवर उमजलेले नाही.

नावात 'आरोग्य' आहे म्हणून विषय घेणे

ही माझी सर्वांत नावडती चूक आहे, कारण ती करणारी मुले बहुधा कष्टाळू असतात.

काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका घरातील मुलीने पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात घराजवळच्या, दोन वर्षांचे अभ्यासक्रम असलेल्या महाविद्यालयात आरोग्यविज्ञानासाठी रसायनशास्त्र अशा नावाचा विषय घेतला. आठ आठवड्यांत तो संपला, प्रयोगशाळा होती, चार क्रेडिट (विषयाचा भार मोजण्याचे एकक) मिळाले आणि ग्रेडही ए आला. केमिस्ट्रीचे ओझे उतरले या समाधानात तिने दुसरे वर्ष जीवशास्त्राचे विषय, नृत्य आणि रुग्णालयातील स्वयंसेवा यांत घालवले. तिसऱ्या वर्षी ऑरगॅनिकला नाव नोंदवायला गेली, तेव्हा संगणकाने नोंदणी नाकारली. संगणकाचा दोष आहे असे समजून ती दोन आठवडे कार्यालयात खेटे घालत राहिली. अखेर तिच्या वडिलांचा मला फोन आला आणि त्यांचे पहिलेच वाक्य होते, "अहो मॅडम, विषयाच्या नावातच आरोग्य आहे, मग डॉक्टरकीला का चालत नाही?"

तो विषय खरोखरच आरोग्याचा असतो, फक्त तो नर्सिंग, दंतस्वच्छता आणि तत्सम अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांसाठी रचलेला असतो. जनरल, ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्री या तिन्हींची तोंडओळख तो एका किंवा दोन सेमिस्टरमध्ये करून देतो. समतोल, उष्मागतिकी आणि अभिक्रियेचा वेग हे ज्या खोलीने शिकल्यावर ऑरगॅनिकमध्ये निभाव लागतो, ती खोली त्याला देता येत नाही आणि देणे त्याचे कामही नाही. मुलीला जनरल केमिस्ट्रीचे पूर्ण वर्ष नव्याने करावे लागले, त्यानंतर ऑरगॅनिक, त्यानंतर बायोकेमिस्ट्री. एमकॅट पुढे गेली आणि अर्जही पुढे ढकलावा लागला. वाचवलेला एक उन्हाळा तिला दोन वर्षांना पडला. ती आता निवासी डॉक्टर आहे, त्यामुळे ही हकिकत सांगण्याची परवानगी तिने हसत दिली. त्या वर्षी मात्र त्या घरात कोणी हसत नव्हते.

विषयाचा क्रमांक पाहून ही चूक टळेल असे वाटत असेल, तर टेक्सासचे उदाहरण पाहा. तेथील अनेक महाविद्यालयांनी क्रमांकांची सामाईक पद्धत स्वीकारलेली आहे: चार अंकांपैकी पहिला वर्षाची पातळी सांगतो आणि दुसरा क्रेडिट. त्या पद्धतीत केम १४११ म्हणजे विज्ञानशाखेची जनरल केमिस्ट्री, तर केम १४०६ म्हणजे आरोग्यसहायकांसाठीचे प्राथमिक रसायनशास्त्र. दोन्ही पहिल्या वर्षाचे, दोन्ही चार क्रेडिटचे. तसेच बायोल १४०६ विज्ञानशाखेसाठी आहे आणि बायोल १४०८ विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठी. अंक इतका शिस्तीचा असूनही हा विषय कोणासाठी आहे, ही खरी गोष्ट त्यातून कळत नाही.

माझी सवय उलट्या दिशेने वाचण्याची आहे. मी कॅटलॉग उघडते तो बायोकेमिस्ट्रीच्या पानावर. तिची पूर्वअट कोणती, हे पेन्सिलीने लिहिते. ती बहुधा ऑरगॅनिकचा दुसरा भाग असते. मग त्याची पूर्वअट, मग तिची पूर्वअट, असे करत पहिल्या वर्षापर्यंत येते. जो विषय या साखळीत कोठेच येत नाही, तो कितीही सोयीचा असला तरी प्रीमेडच्या यादीत धरायचा नाही. याला पंधरा मिनिटे लागतात. मुलांना तेवढाही धीर नसतो. त्यांना वरच्या वर्गातील मित्राचा संदेश पुरतो.

तीनशेचा क्रमांक म्हणजे वरची पातळी, असे धरून चालणे

न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा क्रमांक ३०७ आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत तोच विषय जीवशास्त्राकडे जाणारी मुले ३ए या क्रमांकाने घेतात आणि रसायनशास्त्राची मुले १२ए या क्रमांकाने. कॅलिफोर्निया विद्यापीठात नव्व्याण्णवपर्यंतचे क्रमांक खालच्या पातळीचे आणि शंभर ते एकशे नव्व्याण्णव वरच्या पातळीचे, अशी विभागणी आहे. म्हणजे रटगर्सच्या मुलाचे ११५ क्रमांकाचे जीवशास्त्र पहिल्या वर्षाचे असते आणि कॅलिफोर्नियातील त्याच्या आतेबहिणीचे एकशे काही क्रमांकाचे जीवशास्त्र वरच्या वर्गाचे. दोघे दिवाळीच्या फोनवर क्रमांकांची तुलना करतात आणि दोघेही घाबरतात.

जेथे वैद्यकीय शाळा 'वरच्या पातळीचे जीवशास्त्र' असे म्हणते, तेथे तिला बहुधा जनुकशास्त्र, पेशीजीवशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असे विषय अभिप्रेत असतात, म्हणजे ज्यांच्या आधी प्राथमिक जीवशास्त्राचे वर्ष झालेले असावे लागते. दोन वर्षांच्या महाविद्यालयांचे क्रमांक बहुधा दोनशेंच्या घरात थांबतात, म्हणून तेथील ऑरगॅनिक हलके असते असे मी म्हणणार नाही. माझे काही उत्तम सहकारी तेथे शिकवत. परंतु काही वैद्यकीय शाळा मुख्य विषय चार वर्षांच्या महाविद्यालयातून झालेले पसंत करतात आणि हे आधी विचारून घ्यावे लागते.

याउलट पहिल्याच सेमिस्टरला चारशेच्या क्रमांकाचा विषय मिळावा म्हणून प्राध्यापकांच्या मागे लागणारी मुलेही मी पाहिली आहेत. एमडी ही तेथील डॉक्टरकीची पहिली पदवी देणाऱ्या बहुतेक शाळांचे अर्ज ज्या एएमसीएएस यंत्रणेतून जातात, ती सरासरी काढताना पातळीला अधिक वजन देत नाही. शंभरच्या विषयातील ए आणि चारशेच्या विषयातील ए दोन्ही ४.० धरले जातात आणि ए प्लसचेही ४.०च होतात. निवड समिती विषयांची काठिण्यपातळी पाहते हे खरे, पण ती ट्रान्स्क्रिप्ट वाचून पाहते. सी आलेला चारशेचा विषय तिच्यावर छाप पाडत नाही.

एपीमध्ये पाच आले, म्हणजे विषय झाला असे समजणे

शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन पातळीच्या एपी विषयांपैकी बायोलॉजी आणि केमिस्ट्रीमध्ये पाचपैकी पाच मिळवलेल्या मुलाला महाविद्यालय पहिल्या वर्षाचे क्रेडिट देते आणि घरात पेढे वाटले जातात. महाविद्यालयाने विषय माफ केला, याचा अर्थ वैद्यकीय शाळेनेही माफ केला असा होत नाही. काही शाळा एपी क्रेडिट स्वीकारतात, काही अजिबात स्वीकारत नाहीत आणि पुष्कळ शाळा त्याच विषयात वरच्या पातळीचे तेवढेच क्रेडिट प्रयोगशाळेसह करण्याची अट घालतात. जीवशास्त्रात हे सोपे आहे, कारण वरचे विषय मुले तशीही घेतात. रसायनशास्त्रात मात्र पेच पडतो. ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्री आधीच स्वतःच्या खात्यावर मोजलेले असल्यामुळे जनरल केमिस्ट्रीची भरपाई म्हणून विश्लेषणात्मक किंवा भौतिक रसायनशास्त्र घेण्याची पाळी येऊ शकते आणि भौतिक रसायनशास्त्राला पुन्हा वरचे गणित लागते. एका मुलाने ट्रान्स्क्रिप्टवर 'एपी, सोळा क्रेडिट' एवढी एकच ओळ आणली होती. कोणत्या विषयाचे किती, याचा त्यात पत्ता नव्हता. त्या नोंदी वेगळ्या करून घेण्यात त्याचा जून महिना गेला, आणि जून हा अर्ज सादर करण्याचा महिना आहे.

माझे मत जुन्या वळणाचे आहे. पाच आले असले तरी जनरल केमिस्ट्री पुन्हा करावी. सोपी जाईल, पाया पक्का होईल आणि ट्रान्स्क्रिप्टवर खरा ग्रेड येईल. "सेमिस्टर वाया जातो" असे पालक म्हणतात. जाऊ द्यावा.

क्वार्टर आणि सेमिस्टर यांची गल्लत

सेमिस्टर पद्धतीत वर्षाची दोन सत्रे असतात, क्वार्टर पद्धतीत उन्हाळा सोडून तीन. एक क्वार्टर क्रेडिट म्हणजे सेमिस्टर क्रेडिटचा दोनतृतीयांश भाग. ज्या शाळेला ऑरगॅनिकचे आठ सेमिस्टर क्रेडिट हवे आहेत, तिच्यासाठी क्वार्टर पद्धतीत बारा क्रेडिट, म्हणजे बहुधा तीन क्वार्टर, लागतात. दोन क्वार्टर करून "दोन भाग झाले" म्हणणाऱ्याकडे प्रत्यक्षात पाच सेमिस्टर क्रेडिटांच्या थोडे वर काहीतरी असते. मध्येच महाविद्यालय बदलणाऱ्यांनी हा हिशेब बदलण्यापूर्वी करावा.

उरलेल्या चुका एका वाक्याच्या आहेत, कारण त्या करायला बुद्धी लागत नाही. मुख्य विषय पास-नापास पद्धतीने घेऊ नयेत. सी उणे हा ग्रेड पुष्कळ शाळांना मान्य नसतो, सी लागतो. व्याख्यान आणि प्रयोगशाळा यांचे क्रमांक वेगळे असतील, तर दुसऱ्याची नोंदणी विसरू नये. पुन्हा दिलेल्या विषयाचे दोन्ही ग्रेड एएमसीएएस मोजते आणि ऑस्टिओपॅथिक, म्हणजे एमडीऐवजी डीओ ही डॉक्टरकीची पदवी देणाऱ्या, शाळांच्या अर्जातही जुना ग्रेड पुसण्याची सवलत २०१७ मध्ये बंद झाली, म्हणून घाईने नापास होण्यापेक्षा वेळेत विषय सोडावा. भौतिकशास्त्र बीजगणितावर आधारित असले तरी बहुतेक ठिकाणी चालते; केवळ संकल्पनांचे, गणिताविना शिकवलेले चालत नाही.

भारतातून बीएस्सी करून लग्नानंतर येथे आलेल्या मुली मला नेहमी विचारतात, की पुण्याची प्राणिशास्त्राची पदवी धरली जाईल का. अमेरिका आणि कॅनडाबाहेरील ट्रान्स्क्रिप्ट एएमसीएएस तपासत नाही आणि ते ग्रेड सरासरीत येत नाहीत. शिवाय बहुतेक शाळांना मुख्य विषय येथील मान्यताप्राप्त महाविद्यालयात झालेले हवे असतात. त्यांना मी पहिल्या वर्षाचे जीवशास्त्र पुन्हा करायला सांगण्याऐवजी आधी त्यांच्या यादीतील शाळांना ईमेल लिहायला लावते, कारण काही शाळा जुन्या पदवीवर येथील वरच्या पातळीचे विषय केलेले मान्य करतात. उत्तर लेखी घ्यावे. फोनवर मिळालेले "हो, चालेल" वर्षभराने कोणाला आठवत नाही.

आणि प्रत्येक विषयाचे अभ्यासक्रमपत्रक तो विषय सुरू असतानाच जपून ठेवावा. विषयाचे नाव संदिग्ध असेल तर तो कोणत्या पातळीचा होता, हे दाखवायला तेवढाच कागद उपयोगी पडतो, आणि तीन वर्षांनी तो शिकवणारे प्राध्यापक दुसऱ्या राज्यात निघून गेलेले असतात.