पडद्याच्या ऑपरेशननंतर: डोळ्याचा दाब आणि पातळ होणारा रेटिना

दाब वाढला की डोळा दुखतोच असं नाही. २८-३० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चढलेला दाबही पुष्कळदा जाणवत नाही. म्हणून ‘त्रास नाही’ म्हणत तपासणी पुढे ढकलू नका. १० ते २१ मिलिमीटर पारा ही साधारण पातळी धरतात.

दाब कधी वाढला, यावरून कारणाचा अंदाज येतो. पहिल्या काही दिवसांत वाढला तर बहुधा ऑपरेशनमध्ये डोळ्यात भरलेला गॅस फुगतोय किंवा सूज आहे. दोन ते सहा आठवड्यांनी वाढला तर आधी संशय स्टेरॉइडच्या थेंबांवर. गॅसऐवजी सिलिकॉन ऑइल घातलं असेल तर काही महिन्यांनीही वाढतो, कारण तेलाचे बारीक कण सुटून डोळ्यातल्या पाण्याच्या निचऱ्याच्या जाळीत अडकतात. स्टेरॉइड मात्र आपल्या मनाने बंद करू नका, सूज परत येते.

गॅस असेपर्यंत विमानप्रवास नाही आणि उंच डोंगरावर जाणंही नाही. बाहेरची हवा विरळ झाली की बुडबुडा फुगतो. डोळ्यात भरतात त्यांपैकी सी३एफ८ हा गॅस सहा ते आठ आठवडे टिकतो. मध्येच दुसरं ऑपरेशन निघालं तर भूलतज्ज्ञाला गॅसबद्दल आधी सांगा. भुलीसाठी वापरतात तो नायट्रस ऑक्साइड वायू अशा डोळ्यात घातक ठरतो.

थेंब घालताना बहुतेक जण एकच चूक करतात: एकामागून एक लगेच. डोळ्यात एक थेंबही जेमतेम मावतो, दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. हात धुवा. प्रेडनिसोलोन ॲसिटेट या स्टेरॉइड थेंबांची बाटली नीट हलवा, औषध तळाशी बसलेलं असतं. खालची पापणी ओढून खळगा करा, एकच थेंब टाका, टोक कुठेही टेकवू नका. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. पुढचं औषध पाच मिनिटांनी, मलम सगळ्यात शेवटी. दाब उतरवणारा टिमोलॉलचा थेंब असेल तर हे दाबणं फार महत्त्वाचं. औषध नाकातून रक्तात जातं. दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर ते सुरू करण्याआधीच सांगा. दाब उतरवणाऱ्या ॲसिटाझोलामाइडच्या गोळीने बोटांना मुंग्या येतात, त्याला घाबरू नका. अंगावर पुरळ आलं तर मात्र लगेच कळवा.

आता ओसीटी, म्हणजे रेटिनाच्या थरांची जाडी दाखवणारं स्कॅन. ‘पातळ’ हा शब्द वाचून हबकायचं कारण नाही. सूज ओसरली की मॅक्युला (रेटिनाचा मधला भाग) पातळ दिसतोच, आणि वरची पातळ झिल्ली सोलली असेल तरी आतले थर थोडे पातळ होतात. काळजीचं आहे ते डोळ्याच्या मज्जातंतूच्या भोवतीचा तंतूंचा थर तपासणीगणिक घटत जाणं, कारण ते दाबाचं काम असू शकतं. रिपोर्टात पातळ भागाला दिलेल्या लाल रंगावर जाऊ नका. मशीनची तुलना ऑपरेशन न झालेल्या डोळ्यांशी असते. त्याच मशीनवरचे जुने आकडे शेजारी ठेवून बघायला सांगा. गेलेले तंतू कुठल्याही थेंबाने परत येत नाहीत. दाब उतरवून पुढची घट थोपवता येते.

वाढत जाणारं दुखणं, उलटी, दिव्यांभोवती वलयं किंवा नजर अचानक धूसर होणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दाखवा.