ओव्हरड्राफ्ट खात्यात चार्जेस परत आले? तारीख बघा

ओव्हरड्राफ्टचे (शिल्लक नसतानाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढायची सोय) रिन्युअल चार्जेस दोनदा लागले, बँकेने चूक मान्य करून पैसेही परत केले. पण जमा आजच्या तारखेने! ओव्हरड्राफ्टवर व्याज रोजच्या बाकीवर लागतं, म्हणजे मधल्या काळात त्या रकमेवर लागलेलं व्याज आपल्याच माथी.

5,000 रुपये चार्ज, त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 5,900. व्याजदर 12 टक्के असेल तर तीन महिन्यांचे साधारण 177 रुपये. रक्कम किरकोळ वाटेल, पण आपण का भरायचे?

1. स्टेटमेंटमध्ये ‘व्हॅल्यू डेट’चा (व्याज मोजताना धरली जाणारी तारीख) रकाना बघा. परताव्यासमोर मूळ चार्ज खात्यातून कापला गेल्याची तारीख हवी.
2. नसेल तर शाखेला ईमेल करा: ‘सदर रक्कम मूळ तारखेच्या व्हॅल्यू डेटने जमा करावी, अथवा त्यावरील व्याज परत करावे.’ दोन्ही नोंदींचं स्टेटमेंट जोडा. काउंटरवर तोंडी सांगून काही होत नाही, ‘बघतो साहेब’ एवढंच ऐकायला मिळतं.
3. फक्त 5,000 आले असतील तर जीएसटीचे 900 त्याच पत्रात मागा. हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.
4. तक्रार क्रमांक जपून ठेवा. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर फुकट तक्रार करता येते. बँकेला आधी न कळवता थेट तिथे गेलात तर तक्रार परत येते.

जीएसटी नोंदणी असेल आणि त्या 900 चं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची आपल्या देय जीएसटीतून वजावट) घेतलेलं असेल, तर ते रिव्हर्स करायला सीएला आठवणीने सांगा.