हॅरोच्या कौन्सिल इलेक्शनचा निकाल कसा वाचायचा

मे महिन्यातल्या एका गुरुवारी मतदान होतं, निकाल लागला की ग्रुपवर एक रंगीत नकाशा येऊन पडतो, निळे (कॉन्झर्व्हेटिव्ह) आले का लाल (लेबर) आले एवढं कळतं आणि विषय तिथेच संपतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण आपला कौन्सिल टॅक्स किती, बिन कधी उचलणार, शेजारच्या प्लॉटवर फ्लॅट्सना परमिशन मिळणार का नाही हे सगळं त्या निकालातून ठरतं, आणि लंडनच्या बरोमध्ये (म्हणजे आपल्याकडच्या महापालिकेसारखी स्वतःची कौन्सिल असलेल्या लंडनच्या भागात) ही संधी चार वर्षांतून एकदाच येते (2018, 2022, 2026). म्हणून निकाल नीट वाचायचा कसा ते लिहितेय. उदाहरण हॅरो या बरोचं घेते, 5 मे 2022 चं, कारण तिथे आपली बरीच मंडळी राहतात आणि तो निकाल वरवर वाचला तर हमखास चुकीचा कळतो.

पहिली गोष्ट, एकूण जागा किती ते बघा. मगच कोणाच्या वाढल्या नि कोणाच्या घटल्या ते. हॅरोत 2018 ला 63 कौन्सिलर होते, लेबर 35 आणि कॉन्झर्व्हेटिव्ह 28. मग वॉर्डांच्या हद्दी नव्याने आखल्या आणि 2022 ला जागा राहिल्या 55. निकाल लागला कॉन्झर्व्हेटिव्ह 31, लेबर 24. आता नुसतं "कॉन्झर्व्हेटिव्ह अधिक 3" वाचलं तर वाटतं किरकोळ फरक पडला, पण सभागृहच आठ जागांनी लहान झालंय ना! आधी त्यांच्याकडे साधारण 44 टक्के जागा होत्या त्या 56 टक्के झाल्या आणि लेबरचं बरोबर उलटं झालं. म्हणजे सत्तापालटच. तेव्हा हद्दी बदलल्या असतील तर अधिक-उणेचा कॉलम सोडून द्या, टक्केवारी काढा आणि बहुमताचा आकडा बघा, 55 मध्ये तो 28.

मग आपला वॉर्ड शोधा. कौन्सिलच्या वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की सापडतो. हॅरोत 22 वॉर्ड आहेत, पिनर, केंटन ईस्ट, वेल्डस्टोन साउथ, रेनर्स लेन, ग्रीनहिल वगैरे, त्यातल्या अर्ध्यांतून तीन-तीन आणि अर्ध्यांतून दोन-दोन कौन्सिलर निवडून येतात. इथे पुण्याहून आलेल्यांचा गोंधळ होतो, कारण आपल्याला पॅनेल पद्धत माहितीय, एका प्रभागात चार जागा, पण तिथे अ ब क ड अशा वेगळ्या जागा असतात, प्रत्येक जागेची उमेदवारांची यादी वेगळी आणि प्रत्येक जागेला एक मत. इथे तसं नाही. सगळे उमेदवार एकाच लांबलचक कागदावर, आडनावाच्या अक्षरक्रमाने, तीन जागांच्या वॉर्डात तुम्ही तीन फुल्या मारू शकता, दोन मारा, एकच मारा, तुमची मर्जी, आणि ज्यांना सगळ्यात जास्त मतं ते वरचे तीन निवडून येतात. महिला राखीव, ओबीसी राखीव असा प्रकार नाही.

यातून निकाल वाचताना एक मोठी चूक होते ती म्हणजे पक्षाच्या तिन्ही उमेदवारांची मतं बेरीज करून "इतक्या लोकांनी मत दिलं" असं म्हणणं. समजा 3,000 लोकांनी मतदान केलं तर कागदावर एकूण मतं 8,500 च्या आसपास दिसतील, कारण एकेका माणसाची तीन मतं आहेत (सगळे तिन्ही वापरत नाहीत म्हणून 9,000 होत नाहीत). म्हणून प्रत्येक पक्षाचा सगळ्यात जास्त मतं मिळालेला एक उमेदवार घ्या, त्या आकड्यांची बेरीज करा आणि त्यातून टक्के काढा. काहीजण तिघांची सरासरी घेतात, तेही चालतं, फक्त दोन वॉर्डांची तुलना करताना एकदा हे आणि एकदा ते करू नका.

आता माझ्या मते सगळ्यात कामाचा आकडा, जो कुठल्याच बातमीत छापून येत नाही. तीन जागांचा वॉर्ड असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या नंबरच्या उमेदवारातला फरक बघा, दोन जागांचा असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्यातला. पहिल्या नंबरवाल्याने किती मतांनी बाजी मारली याला फारसा अर्थ नसतो, सीट गेली का राहिली ते या कडेवर ठरतं. हा फरक शे-दोनशेचा असेल तर समजा की पुढच्या वेळी तुमची बिल्डिंग आणि समोरची गल्ली मिळून निकाल फिरवू शकता, आणि हे कौन्सिलरलाही पक्कं माहीत असतं, त्यामुळे अशा वॉर्डातून ईमेल गेला की उत्तर लवकर येण्याची शक्यता जास्त. एकाच पक्षाच्या तिघांच्या मतांतला फरकही बघा, मोठा असेल तर त्यातला एखादा माणूस स्वतःच्या कामावर मतं खेचतोय, किंवा नुसतं आडनाव यादीत वर आहे. हे खरंय हो, लांब यादीत वरच्या नावांना थोडी जास्त मतं पडतात हे इथे बऱ्याच वेळा दिसून आलंय. म्हणून वाघ आणि आपटे एकाच पक्षाकडून उभे असतील तर वाघांना दोन मतं कमी पडली म्हणून लगेच त्यांच्याबद्दल मत बनवू नका.

खाली टर्नआउट आणि बाद मतं असतात. लोकल इलेक्शनला टर्नआउट साधारण एक तृतीयांशाच्या आसपास राहतो, पार्लमेंटपेक्षा खूपच कमी. बाद मतांची कारणं वेगवेगळी लिहिलेली असतात, जास्त फुल्या मारल्या, मतदाराची ओळख पटेल असं काही लिहिलं, कागद कोरा किंवा अर्थच लागत नाही, असं. इथे नोटा नाही त्यामुळे नाराज लोक कागद कोरा टाकतात आणि ते या शेवटच्या खान्यात जातात. "डिपॉझिट जप्त" मात्र शोधू नका, कौन्सिलरच्या निवडणुकीला इथे डिपॉझिटच भरावं लागत नाही. आणि "आमच्या बूथवर कोणाला किती" हेही मिळणार नाही, कारण पेट्यांतले कागद पोस्टल मतांमध्ये मिसळूनच मोजतात, सगळं हाताने.

समान मतं पडली तर? आपल्यासारखीच ईश्वरचिठ्ठी. 2017 ला मुंबईत वॉर्ड 220 चा निकाल चिठ्ठीवर लागला होता ते आठवत असेल, त्याच वर्षी इथे नॉर्थम्बरलंड काउंटीत साउथ ब्लाइथ वॉर्डाचा निकाल काड्या ओढून लागला, लिबरल डेमोक्रॅट जिंकला आणि कॉन्झर्व्हेटिव्हचं बहुमत एका जागेने हुकलं, 67 पैकी 33 वर अडकले. एका मताची किंमत विचारणाऱ्यांना हे सांगा.

जागा आणि मतं यांचं प्रमाण जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका. 2022 ला लंडनच्याच लुईशम बरोमध्ये 54 च्या 54 जागा लेबरला गेल्या, तिथे काय इतर पक्षांना कोणी मत दिलं नाही असं थोडंच आहे, पण विरोधी बाकावर एकही माणूस निवडून आला नाही. रिचमंडमध्ये लिबरल डेमोक्रॅट 48, ग्रीन 5 आणि कॉन्झर्व्हेटिव्ह फक्त 1. असा एकतर्फी निकाल असेल तर मला काळजी वाटते, प्रश्न विचारणारं कोण उरलं? तिथे रहिवाशांनी स्वतः मीटिंगला जाऊन प्रश्न विचारणं जास्त गरजेचं होतं, आणि तशी सोय बहुतेक कौन्सिल ठेवतात.

मग सत्ता कोणाची ते. हॅरोत बहुमतवाला पक्ष लीडर निवडतो, निवडणुकीनंतर मे महिन्यातच वार्षिक सभा होते तिथे, आणि तो लीडर कॅबिनेट नेमतो. गळ्यात साखळी घातलेला मेयर हा मानाचा, फोटोत दिसतो म्हणून त्याला तक्रारी पाठवत बसू नका. पण क्रॉयडन, हॅकनी, लुईशम, न्यूहॅम आणि टॉवर हॅम्लेट्स इथे मेयर थेट लोक निवडतात आणि कारभार तोच चालवतो, त्यामुळे तिथे दोन निकाल वाचायचे. क्रॉयडनला 2022 मध्ये मेयर झाला कॉन्झर्व्हेटिव्ह आणि सभागृहात 70 पैकी लेबर 34, कॉन्झर्व्हेटिव्ह 33, ग्रीन 2, लिबरल डेमोक्रॅट 1, म्हणजे कोणालाच बहुमत नाही. तिथे पुढच्या वर्षी 15 टक्के कौन्सिल टॅक्स वाढीवरून बजेट आधी अडलं आणि मग पास झालं ते याचमुळे.

टॅक्सवरून आठवलं, "अमुक आले की टॅक्स कमी होणार" यावर फार विसंबू नका. मोठ्या कौन्सिलना सध्या साधारण 4.99 टक्क्यांपर्यंत वाढवता येतो, त्यापुढे जायचं तर रेफरेंडम (लोकांचं थेट मतदान) किंवा क्रॉयडनसारखी सरकारची खास परवानगी लागते. लंडनमध्ये बिलाचा एक भाग लंडनच्या मेयरकडे जातो, पोलीस आणि बसेस त्याच्याकडे. एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) कौन्सिलकडे नाही. तेव्हा जीपीची (फॅमिली डॉक्टरची) अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून कौन्सिलर पाडण्यात अर्थ नाही, पण सोशल केअर, लायब्ररी, पार्किंग, प्लॅनिंग, कचरा याचा जाब जरूर विचारा.

आणि हे सगळं वाचून "आपल्याला कुठे मत आहे" म्हणणाऱ्यांसाठी, आहे! भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे इंडियन पासपोर्टवर व्हिसा घेऊन राहणारा माणूससुद्धा, वर्क व्हिसा असो की स्टुडंट, 18 पूर्ण असेल तर इथे मत देऊ शकतो. नाव मात्र स्वतः नोंदवावं लागतं, ऑनलाइन होतं, नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा, मतदानाच्या 12 वर्किंग डेज आधी मुदत संपते. 2023 च्या मे पासून फोटो आयडी लागतो आणि आपला इंडियन पासपोर्ट चालतो, नसेल तर कौन्सिलकडून फुकट व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट मिळतं, त्याची मुदत सहा वर्किंग डेज आधी संध्याकाळी 5 ची. केंद्रं सकाळी 7 ते रात्री 10, म्हणजे ऑफिस सुटल्यावरही जाता येतं, आणि 10 च्या आत रांगेत उभे असाल तर मत देऊ देतात.