कृष्णद्रव्याच्या बातमीची पारख कशी करावी

‘कृष्णद्रव्य अस्तित्वातच नाही’ किंवा ‘कृष्णऊर्जा क्षीण होत आहे’ अशी बातमी वाचताना ती कोणत्या वादाविषयी आहे, हे प्रथम ठरवून घ्यावे. कृष्णद्रव्य म्हणजे न दिसणारे, केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे द्रव्य; त्याची कल्पना दीर्घिकांच्या (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या विशाल समूहांच्या) व दीर्घिकासमूहांच्या गतीवरून पुढे आली. प्रसरणाला वेग देणाऱ्या अज्ञात ऊर्जेची, म्हणजे कृष्णऊर्जेची, गरज भासली ती १९९८ मध्ये, दूरच्या अतिनवताऱ्यांवरून (स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांवरून) विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत असल्याचे दिसले तेव्हा. एकीवरचा आक्षेप दुसरीला आपोआप लागू होत नाही, आणि मथळे लिहिणारे बहुधा येथेच गल्लत करतात.

बातमी कृष्णद्रव्याच्या विरोधात असेल, तर सुचवलेला पर्याय कोणकोणत्या निरीक्षणांचा उलगडा करतो ते पाहावे. सूर्यमालेत बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने फिरतो, तर सूर्यापासून फार दूरचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. देवयानी दीर्घिकेत मात्र केंद्रापासून दूर गेल्यावरही वेग असा उतरत नाही, हे व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांच्या १९७० च्या मोजमापांत दिसले. मोर्डेहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये मांडलेली सुधारित गतिकी, म्हणजेच ‘मॉण्ड’, हे कोडे अदृश्य द्रव्याशिवाय, गतीचे नियमच बदलून सोडवते, आणि तेही इतक्या सुटसुटीतपणे की तिची टर उडवणे अन्यायाचे ठरेल. तिची कसोटी लागते ती ‘बुलेट क्लस्टर’पाशी. तेथे दोन दीर्घिकासमूह एकमेकांतून आरपार गेले आहेत. त्यांच्यातील साध्या द्रव्याचा मोठा वाटा असलेला तप्त वायू टकरीत मागे रेंगाळलेला क्ष-किरणांत दिसतो. परंतु पलीकडच्या दीर्घिकांच्या प्रतिमा गुरुत्वाकर्षणाने किती विरूप झाल्या यावरून काढलेले वस्तुमान वायूपाशी नव्हे, तर पुढे निघून गेलेल्या दीर्घिकांपाशी भरते. लेखात याचा उल्लेखच नसेल, तर निष्कर्ष मान्य करण्याची घाई करू नये. हाच काटेकोरपणा दुसऱ्या पक्षालाही लावावा: अनेक दशके शोध घेऊनही कृष्णद्रव्याचा कण प्रयोगशाळेत खात्रीने सापडलेला नाही.

कृष्णऊर्जेच्या बातमीत ‘सिग्मा’चा आकडा (तो जितका मोठा, तितकी निष्कर्ष निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी) आणि त्यामागची सामग्री तपासावी. ॲरिझोनातील, दीर्घिकांचा नकाशा तयार करणाऱ्या ‘डेसी’ सर्वेक्षणाने मार्च २०२५ मध्ये कृष्णऊर्जा काळानुसार बदलत असावी असे संकेत दिले. मात्र त्याच्या सामग्रीला अतिनवताऱ्यांच्या मोजमापांची कोणती यादी जोडली त्यानुसार हा आकडा २.८ ते ४.२ असा बदलतो, आणि भौतिकशास्त्रात शोध म्हणण्यासाठी ५ सिग्मांचा दंडक आहे. माझ्या मते आकड्यापेक्षा त्याचे हे हेलकावेच अधिक बोलके आहेत, कारण दोष एखाद्या यादीतील अंतरमापनात असण्याची शक्यता त्यांमुळे शिल्लक राहते. तथापि अतिनवतारे पूर्णपणे वगळून केवळ वैश्विक पार्श्वप्रारणाची (विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेल्या प्रारणाची) जोड दिली, तरी आकडा ३.१ येतो, त्यामुळे हे संकेत सरसकट झटकूनही टाकता येत नाहीत.